वाळवंटातली झाडं आणि प्राणी तग कसे धरतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळू असते ते वाळवंट, असं म्हणायचं का?

नाही. वाळवंट ठरतं ते पाण्यावरून. वर्षाला साधारण २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडणारा प्रदेश, ही ढोबळ व्याख्या. त्यात आणखी एक गोष्ट धरावी लागते: ऊन आणि वारा मिळून तिथलं किती पाणी उडवू शकतात. पडतं त्याच्या कितीतरी पट उडून जाऊ शकत असेल, तर तो प्रदेश कोरडाच राहणार. सहारात वाळूच्या टेकड्यांनी व्यापलेला भाग साधारण चौथ्या हिश्श्याएवढा आहे. बाकी खडक, गोटे आणि मुरमाड माळ. जगातलं सर्वांत मोठं वाळवंट तर बर्फाखाली आहे, ते म्हणजे अंटार्क्टिका. या पानावर मुख्यतः उष्ण वाळवंटांबद्दलचे प्रश्न घेतले आहेत.

तिथल्या जिवांना जास्त छळतं कोण, ऊन की तहान?

दोन्ही वेगळी काढताच येत नाहीत, आणि खरी पंचाईत तीच आहे. अंग थंड ठेवायचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे पाणी वाळवणं. १ लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण ते १ लिटर पाणी आणायचं कुठून? कडक उन्हात राबणाऱ्या माणसाला तासाला १ लिटरहून अधिक घाम येतो. या हिशेबाने वाळवंटात कुणीच टिकलं नसतं.

झाडांची अडचण याच जातीची. अन्न बनवायला हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यावा लागतो आणि तो घेण्यासाठी पर्णरंध्रं उघडावी लागतात. रंध्रं उघडली की आतलं पाणी बाहेर पडतंच. भुकेचं दार आणि तहानेचं दार एकच आहे. वाळवंटातली प्रत्येक युक्ती, मग ती काट्याची असो, कुबडाची असो की बिळाची, या पाण्याच्या जमाखर्चाकडे पाहिलं की उलगडते. नुसतं ‘उष्णता सहन करतात’ म्हटल्याने काहीच कळत नाही.

दिवसा वाळू किती तापते? बिळात खरंच एवढा फरक पडतो?

भर उन्हात वाळूचा पृष्ठभाग ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो. हवा त्या मानाने बरीच कमी तापलेली असते: सावलीत मोजलेल्या हवेच्या तापमानाचा मान्यताप्राप्त जागतिक उच्चांक ५६.७ अंश आहे, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीतला, १० जुलै १९१३ चा. म्हणजे जमिनीला चिकटून चालणारा जीव आणि हातभर उंचीवर बसलेला जीव एकाच जागी असूनही दोन वेगळ्या हवामानांत असतात. म्हणूनच सरडे दुपारी झुडपावर चढतात.

जमिनीखाली तर आणखी फरक. अर्धा मीटर खोलीवर दिवस-रात्रीचा चढउतार जवळजवळ लागत नाही. शिवाय तोंड बुजवलेल्या बिळात श्वासातली वाफ साठून हवा दमट राहते, त्यामुळे श्वासावाटे जाणारं पाणीही वाचतं.

हे कुठल्याही मोकळ्या, उन्हाच्या जमिनीवर मोजून पाहता येतं. तीन थर्मामीटर घ्या: एक पृष्ठभागावर, एक १० सेंटीमीटर खोल, एक ३० सेंटीमीटर खोल. सकाळी ६, दुपारी २ आणि संध्याकाळी ६ ला नोंद करा. दोन चुका हमखास होतात. वरच्या थर्मामीटरचा फुगा उघडा राहिला तर तो जमिनीचं नव्हे, स्वतः उन्हात तापल्याचं तापमान दाखवतो. त्याच्यावर चिमूटभर माती पसरा. आणि खड्डा सैल भरला तर वरची गरम हवा आत उतरते. माती दाबून बसवा आणि एक दिवस जाऊ देऊन मगच नोंदी सुरू करा.

निवडुंगाला पानं नसतात, मग तो अन्न कसं बनवतो?

खोडाने. हिरवं दिसतं ते त्याचं खोड, आणि काटे म्हणजे बदललेली पानं. पण खरी कमाल वेळापत्रकात आहे. बहुतेक झाडं दिवसा पर्णरंध्रं उघडतात. निवडुंग रात्री उघडतो. रात्री हवा थंड आणि तुलनेने दमट, त्यामुळे पाणी कमी जातं. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड तो मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींत साठवतो. दिवस उजाडला की रंध्रं बंद होतात, आम्ल फुटतं आणि आतल्या आत सुटलेला वायू सूर्यप्रकाशात साखर बनवायला वापरला जातो.

फायदा किती? १ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवताना साधं झाड ४०० ते ५०० ग्रॅम पाणी घालवतं, मका-ज्वारीच्या पद्धतीचं झाड २५० ते ३००, आणि निवडुंग-घायपातीच्या पद्धतीचं झाड अवघं ५० ते १००.

या आम्लाची नोंद फार जुनी आहे. बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाला पानफुटीची पानं सकाळी आंबट लागली, दुपारी बेचव. त्याचं त्याविषयीचं पत्र १८१५ मध्ये छापून आलं. तुम्ही मात्र चावून पाहू नका. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. त्याऐवजी पहाटे ६ ला एक पान आणि दुपारी ४ ला त्याच झाडाचं तेवढंच दुसरं पान खुडा, प्रत्येक १० मिलिलिटर पाण्यात ठेचा आणि पीएच पट्टी बुडवा. पहाटेचा रस स्पष्टपणे अधिक आम्ल निघतो. झाड रात्रभर दिव्याच्या प्रकाशात असेल किंवा रात्र फार उष्ण असेल, तर फरक पुसट होतो.

ही पद्धत एवढी काटकसरी आहे, तर सगळ्याच झाडांनी का उचलली नाही?

कारण ती संथ आहे. रात्रभरात पेशींत मावेल तेवढंच आम्ल साठणार. दिवसा कितीही लख्ख ऊन असलं तरी कच्चा माल तेवढाच. जिथे पाणी मुबलक आहे तिथे असं झाड शेजाऱ्यांच्या सावलीत गाडलं जाईल.

उत्तर अमेरिकेतल्या सोनोरा वाळवंटातला सग्वारो निवडुंग पाहा. पहिल्या आठ वर्षांत तो जेमतेम ३-४ सेंटीमीटर वाढतो, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा. फूल यायला साधारण ३५ वर्षं, पहिली फांदी फुटायला ५० ते ७५. पुढे तो १२ मीटर किंवा त्याहूनही उंच होतो आणि दीडशे-दोनशे वर्षं जगतो. लहानपणी तो एखाद्या झुडपाच्या, बहुधा पालो वर्दे नावाच्या झाडाच्या सावलीत वाढतो. त्या झाडाविना बहुतेक रोपं उन्हाने, थंडीने किंवा उंदरांच्या दातांनी पहिल्या काही वर्षांतच जातात.

त्याच्या खोडावरच्या उभ्या चुण्या नीट बघण्यासारख्या असतात. कोरड्या दिवसांत घड्या आत ओढल्या जातात आणि खोड बारीक होतं; पाऊस झाला की पंख्याच्या घड्या उलगडाव्यात तशी साल पसरते, फाटत नाही. आत लाकडी दांड्यांचा पिंजरा असतो आणि काही टनांचं ओझं तो पेलतो. वाढलेल्या सग्वारोला कडाक्याचं ऊन मारत नाही. त्याला मारतं ते गोठण: चोवीस तासांहून अधिक काळ तापमान शून्याखाली राहिलं की आतल्या पेशी फुटतात.

काटे फक्त जनावरांपासून बचावासाठी असतात का?

बचाव आहेच, पण दाट काट्यांचं दुसरं कामही तेवढंच महत्त्वाचं आहे: सावली. पांढरट काट्यांच्या जाळीमुळे खोडावर पडणारं ऊन कमी होतं, सालीलगतची हवा थबकते आणि रात्री शेंड्याची ऊब टिकते. अशा निवडुंगाचे काटे काढले तर खोड दुपारी जास्त तापतं आणि रात्री जास्त गारठतं.

सगळ्या काटेरी, मांसल झाडांना निवडुंग म्हणणं बरोबर आहे का?

बोलीत चालतं. मराठीत फड्या निवडुंगही निवडुंगच आणि चिकाचा तीनधारी निवडुंगही निवडुंगच. पण ही दोन वेगळी कुळं आहेत. फड्या निवडुंगाचं कुळ मूळचं अमेरिका खंडांतलं. चिकाचे निवडुंग युफोर्बिया वंशातले, म्हणजे एरंडाच्या कुळातले, आणि ते आफ्रिका-आशियात वाढले. पाण्याची टंचाई सारखी, म्हणून उपायही सारखा सुचला: फुगीर हिरवं खोड, गळालेली पानं, काटे.

ओळखायचं कसं? काट्यांच्या बुडाशी लोकरीसारखी छोटी गादी दिसली तर तो खरा निवडुंग. गादी नसेल, काटे जोडीने असतील आणि टोचल्यावर पांढरा चीक आला तर युफोर्बिया. हा चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते आणि बुबुळाला इजा होऊ शकते; वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटं डोळा धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. छाटणी करताना चष्मा आणि हातमोजे घालणं शहाणपणाचं.

वाळवंटातल्या झाडांची मुळं खूप खोल जातात ना?

काहींची जातात, आणि ती खोली थक्क करणारी असते. कलाहारीतल्या बोसिया या झाडाची मुळं ६८ मीटर खोल सापडली आहेत; मेस्किट या काटेरी झाडाची ५० मीटरच्या पुढे. ही झाडं भूजलावर जगतात, म्हणून आजूबाजूचं सगळं वाळलं तरी हिरवी दिसतात.

निवडुंगाचं नेमकं उलट. सग्वारोचं बहुतेक मूळजाळं जमिनीच्या वरच्या ७ ते १५ सेंटीमीटर थरात असतं, पण आडवं मात्र झाडाच्या उंचीएवढं पसरलेलं. कारण साधं आहे: वाळवंटातली सर बऱ्याचदा वरची वीतभर मातीच भिजवते. ते पाणी उडायच्या आत उचलायचं असतं. पाऊस झाल्यावर काही तासांत नवी तंतुमुळं फुटू लागतात आणि कोरड पडली की ती झाड स्वतःच सोडून देतं. दोन पद्धती, दोन वेगळ्या विहिरी. म्हणून मेस्किट आणि निवडुंग शेजारी शेजारी सुखाने नांदतात.

एका पावसात वाळवंट फुलांनी भरतं. त्या बिया वाट कशी बघतात?

बियांच्या सालीत रुजणं रोखणारी रसायनं असतात. थोड्या शिडकाव्याने ती धुऊन जात नाहीत, म्हणून बी फसत नाही. सोनोरा आणि शेजारच्या मोहावी वाळवंटातल्या हिवाळी फुलझाडांना एका दमात साधारण २५ मिलिमीटर पाऊस लागतो. तेवढा झाला तर रोप फूल आणि बी धरेपर्यंत मातीत ओल टिकण्याची शक्यता असते.

त्यातही सगळ्या बिया एकदम रुजत नाहीत. एकाच झाडाच्या बियांपैकी काही या वर्षी, काही पुढच्या, काही त्यानंतर. पहिल्या पावसानंतर उघडीप पडून सगळी रोपं करपली, तरी मातीत ठेव शिल्लक राहते. कोरडेपणा बी किती टिकवू शकतो, याचं एक ठळक उदाहरण ज्युडियन वाळवंटातलं आहे: मसादा किल्ल्याच्या उत्खननात सापडलेली, सुमारे २००० वर्षं जुनी खजुराची बी २००५ मध्ये पेरली आणि तिच्यातून झाड उगवलं.

वाळून कोळ झालेलं झाड पाणी घातल्यावर पुन्हा हिरवं होतं, हे खरं आहे?

काही मोजक्या वनस्पतींबाबत अगदी खरं. चिवावा वाळवंटातली सिलाजिनेला लेपिडोफायला मुठीसारखी आवळून वर्षानुवर्षं पडून राहते आणि पाणी मिळालं की काही तासांत उलगडते. अंगातलं ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं तरी ती जगते. पेशींत ट्रेहॅलोजसारख्या साखरा दाट होऊन काचेसारखा घट्ट थर बनतो, त्यामुळे प्रथिनं आणि पडदे जागच्या जागी राहतात.

खरेदी करताना एक लक्षात ठेवा: पूर्ण मेलेली मूठसुद्धा पाण्यात उलगडते, कारण उघडणं ही बरीचशी पेशीभित्तींची यांत्रिक हालचाल आहे. आतल्या पानांना दोन-चार दिवसांत हिरवेपणा आला तरच ती जिवंत.

अडचणीच्या वेळी निवडुंग कापून पाणी पिता येतं का?

नाही, आणि हा गैरसमज जिवावर बेतू शकतो. निवडुंगात पिंपासारखं स्वच्छ पाणी साठलेलं नसतं. असतो तो चिकट गर, त्यात आम्लं आणि अनेक जातींत अल्कलॉइड, म्हणजे कडवट, बऱ्याचदा विषारी द्रव्यं. रिकाम्या पोटी तो खाल्ला तर उलट्या-जुलाब होतात आणि उरलंसुरलं पाणीही जातं. शिवाय कापताना घामाने जेवढं पाणी जातं तेवढं मिळत नाही. अशा वेळी दुपारी सावलीत थांबणं, अंग झाकणं, संध्याकाळनंतर हलणं आणि जवळचं पाणी तहान लागेल तसं पीत राहणं हेच बरोबर. पाणी पुरवायचं म्हणून बाटलीत राखून ठेवणारी माणसं भरल्या बाटलीसकट कोसळलेली सापडली आहेत.

उंटाच्या मदारीत पाणी असतं ना?

मदारीत चरबी असते. चरबी जाळल्यावर पाणी तयार होतं, १ किलोमागे साधारण १.१ किलो, म्हणून अनेकजण मदारीला पाण्याची टाकीच मानतात. पण चरबी जाळायला प्राणवायू लागतो, प्राणवायूसाठी कोरडी हवा फुप्फुसात ओढावी लागते, आणि त्या श्वासांबरोबर जवळजवळ तेवढंच पाणी बाहेर जातं. मदार ही शिदोरी आहे. चरबी एका ठिकाणी रचल्याचा आणखी एक फायदा: ती सर्वांगावर पसरली असती तर गोधडीसारखी उष्णता अडवून बसली असती.

पाणी वाचतं ते दुसरीकडे. क्नुट श्मिट-नील्सन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९५३-५४ मध्ये सहारातल्या बेनी अब्बेस इथे उंटांवर मोजमापं घेतली आणि तेव्हापासून चित्र स्पष्ट झालं. तहानलेला उंट अंगाचं तापमान पहाटे ३४ अंशांपर्यंत उतरू देतो आणि दुपारी ४० अंशांच्या पुढे चढू देतो, तोवर घामच गाळत नाही. ५०० किलोच्या उंटाने सहा अंश उष्णता अशी अंगात साठवली की सुमारे ५ लिटर घाम वाचतो. साठलेली उष्णता रात्रीच्या गारव्यात फुकट निघून जाते.

लोकरही कामाची. उन्हाळ्यात लोकर कातरलेल्या उंटाचं पाणी सुमारे दीडपट खर्च झालं, हे त्याच अभ्यासात दिसलं. लोकरीचं वरचं टोक तापतं, कातडी त्याखाली बरीच थंड राहते.

अंगातलं पाणी आटलं तर काय? वजनाच्या १० ते १२ टक्क्यांएवढं पाणी गेलं की उन्हातला माणूस वाचत नाही: रक्त घट्ट होतं, उष्णता कातडीपर्यंत पोहोचत नाही आणि तापमान एकाएकी भडकतं. उंट २५ टक्के घट सोसतो, कारण त्याच्या रक्तातलं पाणी शेवटपर्यंत टिकतं; आटतं ते मुख्यतः पेशींतलं आणि पोटातलं. मग पाणी दिसलं की तो दहा-पंधरा मिनिटांत १०० लिटरच्या आसपास पितो. एवढ्या झपाट्याने रक्त पातळ झालं तर इतर प्राण्यांच्या तांबड्या पेशी फुटतील. उंटाच्या पेशी लंबगोल आणि लवचीक. त्या मूळ आकाराच्या दुपटीहून अधिक फुगतात आणि शाबूत राहतात.

आयुष्यभर पाणी न पिता जगणारा प्राणी खरंच आहे?

आहे. उत्तर अमेरिकेतला कांगारू उंदीर. तो कोरड्या बिया खातो आणि त्या पचवताना तयार होणाऱ्या पाण्यावर भागवतो. त्याचा महिन्याभराचा हिशेब मोजलेला आहे, आणि तो दुकानाच्या वहीसारखा जुळतो. १०० ग्रॅम जवामागे जमा: पचनातून बनलेलं पाणी ५४ मिलिलिटर, दाण्यातली मूळची ओल ६ मिलिलिटर, एकूण ६०. खर्च: मूत्र १३.५, विष्ठा २.६, श्वास आणि कातडीवाटे ४३.९, एकूण ६०.

खर्चाचा मोठा भाग श्वासाचा आहे, म्हणून बचतही तिथेच. त्याचं नाक थंड असतं. फुप्फुसातून येणारी दमट हवा नाकातून जाताना गार होते आणि तिच्यातली वाफ नाकातच दवासारखी धरली जाते. मूत्रपिंडातल्या नलिकांची वळणं फार लांब असल्याने त्याचं मूत्र माणसाच्या मूत्रापेक्षा चौपटीहून अधिक दाट होतं. घाम येत नाही. दिवस बुजवलेल्या बिळात, रात्र बाहेर.

हा हिशेब २५ अंश आणि २० टक्के आर्द्रतेचा आहे. हवा त्याहून फार कोरडी झाली की खर्च वाढतो आणि वही तुटीत जाते. म्हणजे एवढ्या काटकसरी प्राण्यालाही बीळ सुटत नाही.

धुक्यातून पाणी कोण पितं?

नामिब वाळवंटात पाऊस नगण्य, पण थंड बेंग्वेला प्रवाहामुळे किनाऱ्यावरून धुकं आत येतं. ओनिमॅक्रिस उंगिक्युलॅरिस हा भुंगा अशा रात्री टेकडीच्या माथ्यावर चढतो, वाऱ्याकडे तोंड करून डोकं खाली, पाठ वर असा उभा राहतो. पाठीवर थेंब जमतात, ओघळतात आणि तोंडाशी येतात. एका सकाळी स्वतःच्या वजनाच्या ३४ टक्क्यांपर्यंत पाणी पिताना तो मोजला गेला आहे. ऑस्ट्रेलियातला काटेरी सरडा मोलोक ओल्या वाळूत नुसता उभा राहतो. खवल्यांमधल्या केसासारख्या बारीक खाचांतून पाणी आपोआप चढत तोंडापर्यंत जातं.

पिल्लांना पाणी कसं मिळतं?

पक्ष्यांपुरतं सांगायचं तर पखुर्डीचं उदाहरण सर्वांत सुंदर. बिया खाणारी पिल्लं, आणि पाणवठा कधीकधी ३० किलोमीटर दूर. नर पाण्यात उतरतो, पोट हलवत पिसं भिजवतो. त्याच्या पोटावरच्या पिसांचे तंतू कोरडे असताना गुंडाळलेले असतात. ओले झाले की उलगडून स्पंजासारखं पाणी धरतात, सुमारे २५ मिलिलिटर. तो परत येऊन छाती उंचावून उभा राहतो आणि पिल्लं पिसं चोचीत धरून पाणी ओरपतात. १८९६ मध्ये हे पहिल्यांदा लिहिलं गेलं तेव्हा फारसं कुणी खरं मानलं नाही. १९६७ च्या मोजमापांनी ते पक्कं झालं.

भर दुपारी कुणीच बाहेर नसतं का?

सहारातली रुपेरी मुंगी असते. सरडे उन्हाने हटून आडोशाला गेले की ती बाहेर येते, उष्णतेने मेलेले कीटक गोळा करते आणि काही मिनिटांत परतते. अंगाचं तापमान ५३ अंशांच्या पुढे गेलं तर ती मरते, आणि ती या रेषेच्या अगदी जवळ वावरते. अंगावरचे केस त्रिकोणी छेदाचे असतात, ऊन आरशासारखं परतवतात आणि शरीराची उष्णता आकाशाकडे सोडतात. लांब पायांमुळे धड वाळूपासून काही मिलिमीटर वर राहतं, आणि तेवढ्यानेही हवा कितीतरी अंशांनी कमी तापलेली मिळते. वेग सेकंदाला ८५ सेंटीमीटर.

बेडकासारखा ओल्या कातडीचा प्राणी कोरड्यात कसा राहतो?

जमिनीत. सोनोरातला स्पेडफूट भेक मागच्या पायांवरच्या कुदळीसारख्या कडेने मागे सरकत माती खणतो आणि वर्षाचे आठ-दहा महिने खाली काढतो. पावसाच्या गडगडाटाची, थेंबांची कंपनं मातीतून पोहोचली की वर येतो. त्याच रात्री डबक्यात अंडी. डबकं आटायची शर्यत सुरू. पिल्लं आठ-दहा दिवसांत पाय फुटून बाहेर पडू शकतात. बाकी प्रजातींना याच प्रवासाला अनेक आठवडे लागतात.

निपचित पडून राहण्यात गोगलगायींचा हात धरणारं कुणी नाही. इजिप्तमधल्या वाळवंटातली एक गोगलगाय मेली समजून १८४६ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये कार्डावर चिकटवली गेली. मार्च १८५० मध्ये कार्डावर ओलसर माग दिसला, कोमट पाण्यात ठेवल्यावर ती शंखातून बाहेर आली आणि चालू लागली.

रस्त्यात वाळवंटी कासव दिसलं तर उचलून बाजूला ठेवावं का?

उचलू नका. मोहावीचं कासव मूत्राशयात पाणी साठवतं आणि त्या साठ्यावर वर्षभर न पिता राहू शकतं. घाबरलं की ते हा साठा एका क्षणात सोडून देतं, आणि पुढचा पाऊस लांब असेल तर ते तहानेने मरतं. गाडी थांबवा, अंतर राखा, त्याला स्वतः जाऊ द्या. गाडी चालणाऱ्या रस्त्यावर जीव जाणारच असेल तर मात्र दोन्ही हातांनी, जमिनीला समांतर धरून, हळूहळू, ते ज्या दिशेला चाललं होतं त्याच बाजूला नेऊन ठेवा. गाडी उन्हात उभी असेल तर निघण्यापूर्वी खाली वाकून पाहा. सावलीसाठी ती तिथे येऊन बसतात.

घरातला निवडुंग कुजतो. पाणी तर थोडंच घालतो, मग का?

‘थोडं थोडं, रोज’ हीच चूक. वाळवंटात मातीला एकदा चिंब भिजणं आणि मग पूर्ण वाळणं मिळतं. कायम ओलसर मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती मरतात आणि बुरशी वर चढते.

माती: १ भाग बागेची माती किंवा कंपोस्ट, १ भाग जाडी वाळू, १ भाग बारीक खडी किंवा परलाइट (भाजून फुगवलेले हलके खनिज कण). बारीक वाळू टाळा. ती मातीशी मिळून घट्ट ढेकूळ करते. कुंडी झाडापेक्षा २-३ सेंटीमीटरच रुंद आणि तळाला भोक हवंच. तळाशी खड्यांचा थर दिल्याने निचरा सुधारत नाही. उलट ओली माती आणखी वर सरकते.

पाणी: तळातून वाहेपर्यंत घाला, ताटलीतलं अर्ध्या तासात ओता. मग लाकडी काडी तळापर्यंत खुपसून पाहा. माती चिकटली तर थांबा. रात्री १० अंशांखाली जात असतील तर चार-सहा आठवड्यांतून एकदा पुरे. कुंडी बदलल्यावर आठवडाभर पाणी नको, कारण तुटलेल्या मुळांच्या जखमा आधी सुकल्या पाहिजेत.

बुंधा मऊ, तपकिरी झाला असेल तर स्वच्छ सुरीने वरचा निरोगी भाग कापा. कापलेल्या तोंडावर तपकिरी ठिपका किंवा कडं दिसलं तर आणखी वर कापा. ठिपका राहिला की कूज परत येते. सावलीत दहा-पंधरा दिवस सुकवा, कोरड्या मातीवर ठेवा, दोन-तीन आठवड्यांनी पहिलं पाणी. शेंडा फिका आणि निमुळता होत असेल तर प्रकाश कमी पडतोय. पण एकदम उन्हात नेलं तर साल भाजते आणि तो डाग जन्मभर राहतो. दोन आठवड्यांत हळूहळू न्या.

निवडुंग रात्री श्वास घेतो हे मुलांना दाखवता येईल?

हो, १ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या वजनकाट्याने. एक निवडुंग आणि एक पानांचं झाड, दोन्ही कुंडीत. आदल्या संध्याकाळी पाणी घाला, निथळू द्या, मग कुंडी आणि मातीचा पृष्ठभाग प्लास्टिकने खोडाभोवती घट्ट बांधा, म्हणजे मातीतलं पाणी हिशेबात येणार नाही. सकाळी ७ आणि संध्याकाळी ७ ला चार दिवस वजन लिहा. पानांचं झाड दिवसा हलकं होतं. निवडुंगाची घट खूप कमी आणि बरीचशी रात्रीची. एका दिवसाची घट काट्याला कळणारच नाही, म्हणून चारही रात्रींची बेरीज करा. दोघांचेही आकडे दिवसा सारखेच उतरत असतील तर प्लास्टिक सैल बांधलं आहे.

थंड वाळवंटात काय वेगळं असतं?

गोबीत हिवाळ्यात तापमान उणे ४० अंशांपर्यंत उतरतं. तिथे पाणी असून गोठलेलं, म्हणजे नसल्यासारखंच. दोन मदारींचा उंट हिवाळ्यात जाड लोकर चढवतो, उन्हाळ्याआधी तिचे लोंबते पुंजके गाळतो, आणि तहान भागवायला बर्फ खातो.

वाळवंटात फिरायला गेल्यावर आपल्या पायांनी काय बिघडतं?

मातीवरची काळपट, खडबडीत साय. ती घाण नव्हे. नीलहरित जिवाणू, शेवाळ आणि दगडफूल यांनी वाळूचे कण एकमेकांना शिवून केलेली ती जिवंत खपली आहे. ती वाऱ्याने माती उडू देत नाही आणि हवेतला नायट्रोजन मातीत आणते. कोरडी असताना ती ठिसूळ असते, एका बुटाखाली चुरते आणि भरून यायला अनेक दशकं लागू शकतात. मळलेली पायवाट, उघडा खडक किंवा कोरड्या ओढ्याचं पात्र यांवरूनच चाला. गटाने जात असाल आणि वाट सोडावीच लागली, तर अशा खपलीवरून पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेवून एका रांगेत जा.